डुलकी गादी

लहानपणी मी कुठेही झोपायचे. आमचं गाद्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर, मागच्या शेडमध्ये कापूस पिंजायचं यंत्र. ते यंत्र सुरू असलं की समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांनाही ओरडून बोलावं लागतं, आणि मी त्याच्याच शेजारी कापसाच्या ढिगात तोंड उघडं टाकून झोपलेली असायचे. एकदा तर बाबांनी मला कापसाबरोबर खोळीत भरायला घेतलं होतं, असं आत्या सांगते. आत्याचं सांगणं निम्म्यानेच घ्यायचं असतं, पण ते निम्मं तरी खरं असणार. तेव्हापासून बाबा मला डुलकी म्हणतात. खरं नाव आता फक्त हॉलतिकिटावर दिसतं, आणि हॉलतिकीट मी उलटं करून ठेवते.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. त्यासाठी एक प्रवेशपरीक्षा असते आणि ती दोनदाच देता येते. पहिल्यांदा मी ती दिली तेव्हा आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. हॉलमध्ये बसले, पेपर उलटला, पहिलाच प्रश्न होता की एका टाकीला दोन नळ आहेत, एक भरतो, एक रिकामी करतो. असली गणितं मी शाळेत झोपेतही सोडवली असती. पण मी ते वाचलं, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरले, परत वाचलं, परत विसरले. माझी टाकी ना भरली ना रिकामी झाली. घंटा झाली तेव्हा मी त्याच पानावर होते. घरी येऊन सांगितलं की पेपर अवघड होता, आणि आत्याने ते गल्लीभर सांगितलं. अवघड पेपरामुळे निदान घराची इज्जत राहते.

या वर्षी मात्र परीक्षेला बराच अवकाश होता तेव्हापासूनच झोप गेली. दिवसभर डोळे जड असायचे, पुस्तकावर मान पडायची, आणि गादीवर पाठ टेकली की लख्ख जाग. छातीत आपलंच यंत्र सुरू झालंय असं वाटायचं. आता झोप लागली तर किती मिळेल, नाही लागली तर उद्याचा धडा कसा होईल, धडा नाही झाला तर नळ आणि टाकी, असं सगळं गोल फिरत राहायचं. झोपेच्या मागे जितकं धावावं तितकी ती लांब पळते, हे मला कळत होतं. पण कळून करायचं काय?

घरात कुणालाही राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. उलट सगळे माझ्या झोपेच्या सेवेला लागले. बाबांनी मला मागची खोली रिकामी करून दिली. तिथे खोळींच्या कापडाचे तागे असायचे. आईने खिडकीवर जाड कापड ठोकलं. संध्याकाळनंतर पिंजण बंद, आईची शिलाई बंद, रेडिओ बंद. आत्या बोलायची बंद झाली, यावरून काय ते समजा. मला त्या खोलीचा इतका राग यायचा की सांगता येत नाही. अंधार, शांतता, मऊ गादी, सगळं माझ्याकडे बघतंय आणि वाट पाहतंय. कोंडवाड्यात जनावराला निदान कुणी विचारत तरी नाही.

मला मात्र विचारायचे. सकाळी दार उघडलं की आई, "झोप लागली का?" जिन्यावर बाबा, "लागली का झोप?" दुकानात आत्या, "काय गं डुलके, झालं का झोपून?" शिकवणीचे सर, शेजारचा शिंपी, दूध टाकणारा, सगळ्यांना माझ्या झोपेचा निकाल हवा असायचा. दिवसाचा पहिला पेपर तोच, आणि मी त्यात रोज नापास. मग सल्ले यायचे. पायाला तेल चोळ. गरम दूध पी. मेंढ्या मोज. मी मोजल्या, पण मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय ना. एक मेंढी लंगडतेय असं वाटायचं, मग तिच्या खुराला काय झालं असेल याचा विचार सुरू व्हायचा.

बाबांनी हे फारच मनाला लावून घेतलं. "गादीवाल्याच्या पोरीला झोप नाही म्हणजे काय," ते म्हणायचे, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." त्यांनी मला आधी निव्वळ कापसाची गादी केली. मग काथ्याची. मग फोमची, जी त्यांना स्वतःला अजिबात आवडत नाही. शेवटी त्यांनी तिन्हींचं मिळून एक काहीतरी केलं. खाली काथ्या, मध्ये फोमचा पातळ थर, वर दोनदा पिंजलेला कापूस. दाभणाने टाके घालता घालता त्यांची बोटं सोलवटली. त्या गादीवरही मी रात्रभर छत बघत पडले.

सकाळी मी चहाचा कप घेऊन खाली आले तेव्हा दुकानात एक बाई होत्या. त्यांचा मुलगा माझ्याच परीक्षेला बसणार होता आणि त्यालाही झोप येत नव्हती. आत्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या बाईंकडे, आणि तिच्या डोळ्यांत ती चमक आली जी गिऱ्हाईक दारात असताना येते.

"ही बघा, आमची डुलकी. हिचीही तीच परीक्षा. पण माझ्या भावाने हिला खास गादी करून दिली, आता डोकं टेकलं की घोरायला लागते. घराच्या भिंती हलतात!"

बाईंनी माझ्याकडे आशेने बघितलं. बाबा कोपऱ्यात गादीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली. "खरंच लागली झोप?" ते म्हणाले. नुसतं म्हणाले नाहीत, हातातलं दाभण खाली ठेवून म्हणाले. कित्येक दिवसांत बाबांचा चेहरा इतका मोकळा मी बघितला नव्हता.

मी चहाचा घोट घेतला. कुणाला तो होकार वाटला असेल तर त्याला मी काय करणार?

त्या बाई तशीच एक गादी घेऊन गेल्या आणि आमच्या गल्लीत परीक्षेला बसणारी किती मुलं आहेत हे तेव्हा कळलं. ज्याला त्याला तीच गादी हवी. आत्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डुलकी गादी. परीक्षेच्या दिवसांत शांत झोप', आणि तो पुठ्ठा दारात टांगला. माझंच नाव, माझ्याच दारात, आणि त्याखालून मी तारवटलेल्या डोळ्यांनी ये-जा करायची. आत्याने लगेच नियम केले. दुकानात जांभई द्यायची नाही. आलीच तर पाठ फिरवून खोकायचं. बाहेर जाताना तिच्या हातून डोळ्यांखाली पावडर लावून घ्यायची. फारच वाईट दिसत असेन त्या दिवशी मागच्या दाराने जायचं.

"अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे," ती पावडर थापत म्हणायची. "परीक्षा झाली की दे हव्या तेवढ्या जांभया. मी मोजत बसेन."

"आत्या, पण मला झोप येत नाही."

"येईल. सगळ्यांना येतेय, तुला का नाही येणार? गादी काय माणूस बघून झोप देते?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. शिकवणीच्या सरांनीही एक गादी नेली. त्यानंतर मी वर्गात पेंगायला लागले की ते हसून म्हणायचे, "बघा, इतकी झोप झालीय की उतू चाललीय." मैत्रिणी म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाई." आधी निदान मला झोप येत नाही असं मी म्हणू शकत होते. आता ते ऐकायलाही कुणी उरलं नव्हतं. म्हणाले असते तर बाबा खोटे पडले असते, आत्या खोटी पडली असती, आणि दारातला पुठ्ठा तर पडलाच असता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, पावडर लावून.

एकदा आईला सांगायचा प्रयत्न केला. ती वरच्या खोलीत खोळी शिवत होती. रोज संध्याकाळी शिलाई बंद म्हणून दिवसाचं काम दुप्पट झालं होतं. तोंडात दोरा, पाय मशीनवर.

"आई, ऐक ना. मला..."

"काय?" ती दोरा न काढताच म्हणाली. तेवढ्यात खालून आत्याची हाक आली, तीन खोळी हव्यात, लगेच. आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळेही लाल होते, पण कापसाच्या घरात सगळ्यांचेच डोळे लाल असतात. "परीक्षा झाली की बोलू हं बाळा," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

सराव परीक्षेत पुन्हा टाकी आणि नळ आले. पुन्हा तेच. मी पेपर घडी करून दप्तरात कोंबला, आणि गाईच्या चार पोटांचा धडा उघडला. तिसऱ्या पोटाचं नाव आठवेना. पहिल्या दोन पोटांचीही आठवेनात. मला इतकी भीती वाटली की मी उठून उभी राहिले, पण जायचं कुठे? त्या खोलीत ती गादी होती, दुकानात तो पुठ्ठा होता, आणि रस्त्यावर सगळ्यांना मी कशी झोपते ते माहीत होतं.

परीक्षा परवावर आली होती. दुपारी दुकानात गर्दी होती, तोंडावर खरेदी करणाऱ्यांची. मी आत्याला सुतळी द्यायला खाली आले होते, तेव्हा एक बसचालक खांद्यावर गुंडाळलेली गादी घेऊन आत शिरले. अंगात अजून गणवेश होता. मागे त्यांची मुलगी होती, माझ्याच वयाची. ती दारातच पुठ्ठ्याखाली थांबली.

त्यांनी गादी धप्पकन खाली टाकली. मला वाटलं आता भांडण. पण ते भांडायला आलेच नव्हते. भांडणाने निभावलं असतं.

"गादीबद्दल तक्रार नाही," ते बाबांना म्हणाले. "गादी चांगलीच असणार, सगळे सांगतात. फक्त बघा जरा, टाका वगैरे कुठे टोचतो का. या पोरीला झोपच येत नाही हो. मी दिवसभर बस चालवायची आणि घरी आलं की हिचं हे. आई रडते, ही रडते."

बाबांनी गादीवरून हात फिरवला. "टाका तर नाही टोचत."

"मग हिच्यातच काहीतरी आहे," बसचालक म्हणाले आणि मागे वळले. "ये इकडे. ये. ही बघ यांची मुलगी. तीच परीक्षा, तीच गादी. ती कशी झोपते? मग तुलाच काय धाड भरलीय? विचार तिला. लाज नको, विचार."

मुलगी पुढे आली. वडिलांकडे बघत नव्हती, जमिनीकडेही नाही, सरळ माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली जे होतं ते मी रोज सकाळी पावडरीखाली घालत होते.

"तू काय करतेस?" तिने हळूच विचारलं. "म्हणजे पडल्यावर. मी सगळं करून बघितलं. माझ्यातच काही बिघाड आहे का?"

आत्याने माझ्या आधी तोंड उघडलं. "अगं, ही तर डोकं टेकलं की..."

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"मला झोप येत नाही. एका रात्रीही नाही आली. या गादीवर नाही, त्या आधीच्या गादीवर नाही, कुठल्याच गादीवर नाही. मी घोरत नाही, घराच्या भिंती हलत नाहीत. मी रात्रभर छत बघत असते. ही पावडर आहे." मी हाताने डोळ्यांखालचं पुसलं आणि हात सगळ्यांना दाखवला. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "हिच्यात काही बिघाड नाही. असेल तर माझ्यातही तोच आहे."

एका गिऱ्हाइकाने हातातली गादी हळूच परत ढिगावर ठेवली. आत्या हसली. दुकान बुडताना माणूस जसं हसेल तसं. "परीक्षेचं टेन्शन हो," ती म्हणाली, "पोरं काहीही बोलतात..."

"ताई, राहू दे," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघायला घाबरत होते. त्यांनी दाभण सुतळीत अडकवून ठेवलं, उठले, दारात गेले आणि स्टुलावर चढून पुठ्ठा काढला. खाली उतरून म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू झोपत नाहीस ते. त्या सकाळी तेवढी आशा लागली होती, रात्री पुन्हा कळलंच. मी तरी कुठे झोपतो? भिंतीपलीकडे पडलेला असतो. तू कूस बदललीस की मला कळतं. तू बदलत नाहीस तेव्हा जास्त कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाटत होतं मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "म्हटलं, निदान तेवढं तरी तुला बरं वाटू दे."

जिन्यावरून आईचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. खोळ अजून हातातच होती. "दोघंही लाकडासारखे पडून राहता," ती म्हणाली, "मला काय कळत नाही? मला उठून पाणी प्यायचं असतं, तर म्हणते नको, तुमची झोप मोडेल."

मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी शिंकले. किती रात्री मी यांच्या शांत झोपेचा हेवा केला होता! गादीवाल्याचं घर, एकाहून एक मऊ गाद्या, आणि प्रत्येक गादीवर एकेक जण डोळे मिटून, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत जागा.

"मी मात्र झोपते हं," आत्या म्हणाली. "मला त्यात गुंतवू नका."

बसचालक मघापासून टोपी हातात फिरवत उभे होते. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग पायाशी पडलेल्या गादीकडे. "मग आता हिचं काय करायचं?" ते म्हणाले. गादीचं म्हणत होते की मुलीचं, तेही त्यांना नक्की ठाऊक नसावं.

"बसू दे तिला," बाबा म्हणाले. "तुम्हीही चहा घ्या."

आम्ही दोघी कोपऱ्यातल्या गाद्यांच्या ढिगावर जाऊन बसलो. तिने चपला काढून पाय वर घेतले. मग तिने विचारलं, मागच्या वेळी तू पण बसली होतीस का? मी म्हणाले, बसले होते, पहिल्या पानावरच बसून होते. ती म्हणाली, मला तर नावसुद्धा सरळ लिहिता येईना, आडनाव खालच्या ओळीत गेलं. मी तिला टाकी आणि नळ सांगितले. ती हसली. इतकी हसली की आत्याने मान वळवून बघितलं. मग म्हणाली, मला वाटायचं मीच एकटी. मी म्हणाले, आमच्या दुकानातून ज्यांनी ही गादी नेली ते सगळे आत्ता असंच म्हणत असतील.

मग ती कशाबद्दल तरी बोलत होती, बहुतेक पेशींबद्दल, आणि बोलता बोलता वाक्य अर्धवट राहिलं. मी वाट बघितली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. तोंड थोडं उघडं होतं.

ती झोपली होती. मागे पिंजण धडधडत होतं, आत्या एका माणसाला फोम आणि कापसातला फरक ओरडून सांगत होती, रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू होत नाही म्हणून शिव्या देत होतं, आणि ही आपली झोपली होती. तिचे वडील चहाचा कप घेऊन वळले, बघितलं आणि जिथे होते तिथेच थांबले. मग त्यांनी कप आवाज न करता खाली ठेवला आणि टोपी त्याच्याशेजारी.

मला झोप आली नाही. खोटं कशाला सांगू? हेवाही वाटला. माझ्याच खांद्यावर, माझ्याच दुकानात, मला न मिळणारी गोष्ट ही उचलून घेऊन गेली. हलता येत नव्हतं. पाठ आखडली, दंडापासून खाली हात बधिर व्हायला लागला. परीक्षा परवा होती, तिसऱ्या पोटाचं नाव अजून आठवत नव्हतं, आणि आजची रात्र कालच्यासारखीच जाणार नाही याची काही खात्री नव्हती. पण कितीतरी दिवसांनी मी जागी होते आणि त्याचा कुणाला तरी उपयोग होता. मी बसून राहिले.

गिऱ्हाइकं पांगली. ऊन दारातून आत येऊन ढिगाच्या पायथ्याशी पोचलं. बाबा काम संपवून आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या भुवयांवर कापूस होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे ओठ हलले आणि मला वाटलं आता तो प्रश्न येणार.

"हात आखडला का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले, "खूप."